शिरगावची खाण, विहिरीच्या काठावरून

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावला गेले ती लोहखनिजाची खाण बघायला. फाटकावरच्या रखवालदाराने परवानगीचा कागद मागितला, तो नव्हता. मग दुपार गावातल्या एका विहिरीवर गेली आणि खाण खरी तिथेच कळली.

इथे वर जांभ्याचा कठीण थर, खाली पिठासारखे भुसभुशीत लोहखनिज. गंमत अशी की पाणी धरून ठेवते ते हेच खनिज. खाण भूजलाच्या खाली उतरली की पंप लावून पाणी उपसावे लागते आणि आजूबाजूच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. शिरगावात तेच झाले. "आमच्या वेळेला कळशीला चार हात दोर पुरायचा, बाय. मग दोराला दोर जोडत गेलो," विहिरीवरच्या आजी म्हणाल्या.

पोर्तुगीज अमलात १९०६ च्या फर्मानाखाली खाणींची कन्सेशन्स, म्हणजे खनिज काढण्याचे हक्क, दिली गेली. १९८७ च्या कायद्याने त्यांची लीज, म्हणजे भाडेपट्टे, झाली. २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले, पुढे सुरू झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये खाणींच्या पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव झाला, त्यातल्या दोघांच्या नावात शिरगाव आहे. एक तर अजून 'मोंते दे शिरगाव'. राज्य गेले, डोंगराचे पोर्तुगीज नाव कागदावर राहिले!

जायचे तर म्हापशाहून डिचोलीची बस धरून अस्नोड्याला उतरा, पुढे रिक्षा. आधी लईराईचे देऊळ बघा. मूर्ती शोधू नका, देवी कलशरूपात आहे. जत्रेआधी धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, ज्या तळीत आंघोळ करतात तीही चुकवू नका. वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे जत्रेला जाणार असाल तर खाणीचा विचार सोडा, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. विहिरींची पातळी बघायची तर मार्च-एप्रिल बरा, ऊन सोसावे लागेल.

पावसात टाकाऊ मातीच्या ढिगांवर चढू नका, कडा ढासळतात. बंद खाणीतले हिरवे पाणी पोहायला बोलावते, पण काठ सरळ खाली तुटलेला असतो, बाहेर येताना हाताला धरायला काही नाही. आणि जुन्या चपला घाला. माझे पांढरे बूट तीनदा धुतले, अजून तांबडेच आहेत.