खाणीवरच्या धुळीपासून घरातल्या एसीपर्यंत: आमची वाटचाल

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वाढलेल्या माणसाला धूळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा रस्त्याकडेची घरं, तुळशीवृंदावनं, दोरीवरचे कपडे सगळं तांबडं व्हायचं. मी तेव्हा खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये डंपर आणि एक्स्कॅव्हेटरचे एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारे डबे, सांभाळायचो. त्यात एकात एक बसणारे दोन एलिमेंट, म्हणजे फिल्टर, असतात. बाहेरच्याला साफ करायला हवेचा झोत मारायचा तो आतल्या बाजूने, कारण बाहेरून मारला तर धूळ कागदाच्या घड्यांत आणखी घट्ट बसते. आतल्या सेफ्टी एलिमेंटला हवा मारायचीच नाही, मुदत झाली की सरळ बदलायचं. फिल्टरचं सगळं शास्त्र मी तिथेच शिकलो.

२०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि आमचं काम गेलं. धाकट्या भावाने आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन केलं होतं. दोघांनी मिळून साखळीत एसी सर्व्हिसिंग सुरू केलं.

फोन यायचे ते बहुतेक एकाच तक्रारीचे: "कुलिंग येत नाही, गॅस संपला असेल, भरून द्या." गॅस वापरून संपत नसतो, कुठे गळती असेल तरच कमी होतो. पुढचं झाकण उघडलं की खरं कारण समोर दिसायचं. हवा गाळणाऱ्या जाळीवर धुळीचा असा थर, की उजेडाकडे धरली तरी पलीकडचं काही दिसू नये. हवाच पुढे जात नसली की जाळीमागची कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या, गोठते, तिच्यावर बर्फ धरतो आणि मशीन बंद केल्यावर तोच वितळून भिंतीवरून ओघळतो. म्हणून पहिल्यापासून एक नियम ठेवला: जाळी धुऊन, मशीन चालवून पाहिल्याशिवाय गॅसची गोष्ट काढायची नाही. त्यात बिल लहान होतं, पण एका घरातून शेजारच्या चार घरांत आमचा नंबर गेला तो याच नियमामुळे.

जाळी धुणं आम्ही घरच्यांनाच शिकवतो. दर पंधरा दिवसांनी काढायची, हायवेलगत घर असेल तर आठवड्याने. नळाची धार मागच्या बाजूने सोडायची, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने निघते. गरम पाणी नको, कडक ऊन नको, जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवायची. पावसाळ्यात तर हे फार सांभाळावं लागतं. ओली जाळी लावली की बुरशी धरते आणि एसी चालू करताच कुबट वास येतो.

निवडीचा प्रश्न अलीकडे वाढला आहे. बारीक धूळ अडवणारे म्हणून चिकटवायचे कागद मिळतात. घरात दम्याचं माणूस असलं की लोक काळजीपोटी ते लावतात, आणि ती काळजी मला समजते. पण स्प्लिट एसीचा ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, लहान असतो. दाट कागदातून हवा ओढण्याची त्याची ताकद नाही, आणि मग गाडी परत बर्फावर येते. अशा घराला मी वेगळा हेपा प्युरिफायर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं हवा शुद्ध करायचं यंत्र, घ्यायला सांगतो, त्याचा पंखा त्याच कामासाठी बनवलेला असतो.

कॅनडात मुलाकडे राहून आलेल्या एका काकींनी विचारलं, "तिथल्या फर्नेससारखा मर्व्ह १३ फिल्टर इथे बसव ना रे बाबा." मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा आकडा. तिकडे सगळ्या घराची हवा एका डक्टमधून, म्हणजे हवेच्या बोगद्यातून, फर्नेसकडे, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राकडे, परत येते आणि वाटेत घड्यांचा फिल्टर असतो. त्यावरचा बाण ब्लोअरच्या दिशेला ठेवायचा आणि एक इंची असेल तर एक ते तीन महिन्यांत बदलायचा. आकडा जितका मोठा तितके बारीक कण अडतात, पण ब्लोअरवर ताणही सहसा वाढतो, म्हणून तिथेही मशीनला झेपेल तोच घ्यावा लागतो. काकींना पटलं, आणि त्यांनी आपली जाळी स्वतः धुऊन दाखवली.

आता ऑफिसांची आणि हॉटेलांची डक्टवाली कामंही येतात. तिथे फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजूनच तो बदलायचा की नाही ते आम्ही ठरवतो. किनाऱ्यावरच्या मशीनना खारी हवा खाते, त्यांची बाहेरची कॉइलही साध्या पाण्याने वरचेवर धुवावी लागते. चवथीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते तेव्हा आम्हाला उसंत नसते. तरी नवीन मुलगा कामाला आला की पहिले काही दिवस त्याच्या हातात गॅसचा दाब मोजायचं गेज देत नाही, जाळीच देतो.