मुलांसाठीचा ‘स्टार ट्रेक’

‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका १९६६ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि तिचा पसारा पुढे इतका वाढला की, नव्या प्रेक्षकाने सुरुवात कोठून करावी, हाच प्रश्न होऊन बसला. १९७३ मध्ये शनिवारी सकाळी लागणारी तिची ॲनिमेटेड मालिका आली. मूळ कलाकारांपैकी बहुतेकांनीच तिला आवाज दिले, परंतु कथा बऱ्याचशा जुन्याच वळणाच्या राहिल्या.

२०२१ मधील ‘प्रॉडिजी’ने वेगळा मार्ग धरला. केव्हिन आणि डॅन हेजमन या बंधूंच्या या मालिकेतील मुलांना स्टारफ्लीट (‘स्टार ट्रेक’च्या जगातील अंतराळ दल) म्हणजे काय, हेच ठाऊक नसते. खाणीच्या कैदेतून पळताना त्यांना एक गाडले गेलेले यान सापडते, आणि कैद्यांनी संगनमत करू नये म्हणून ज्यांना भाषांतरयंत्रापासून मुद्दाम वंचित ठेवले होते, ती मुले तेथे प्रथमच एकमेकांचे बोलणे समजू शकतात. हा प्रसंग मला संपूर्ण मालिकेत सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. यानावरील कॅप्टन जेनवेची, म्हणजे आधीच्या ‘व्हॉयेजर’ मालिकेतील नायिकेची, होलोग्राम प्रतिमा (आवाज अर्थातच ती भूमिका करणाऱ्या केट मलग्रू यांचा) त्यांना शिकवत जाते आणि त्यांच्याबरोबर नवा प्रेक्षकही शिकतो.

जून २०२३ मध्ये पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेने मालिका रद्द केली, आणि पुढे ती आपल्या संग्रहातूनही काढून टाकली. दुसरा हंगाम जुलै २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात चाकोटे, वेस्ली क्रशर अशी जुनी पात्रे परततात, जे आम्हा जुन्या चाहत्यांना सुखावते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र ही मंडळी कोण, असा प्रश्न पडत असावा.