चाळीस अंशांची फोड

बेळगावात रेकॉर्ड कापून काहीतरी करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आलं की पुढं काय मागणार ते मला आता पाठ आहे. मधोमध कापा, अर्धी मराठी घ्या, अर्धी कन्नड घ्या, जोडा आणि खाली दोन्ही लिप्यांत नाव टाका. हॉटेलवाल्यांना हेच हवं असतं, कॉलेजच्या स्नेहसंमेलनवाल्यांनाही हेच. मी करून देते, त्यावर माझं भाडं निघतं. पण ह्या अर्ध्या-अर्ध्या तबकड्या भिंतीवर जितक्या छान दिसतात तितक्याच कंटाळवाण्या वाजतात. लाँग प्ले मिनिटाला तेहेतीस फेरे आणि वर एक तृतीयांश घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. निम्मी केली की प्रत्येकाच्या वाट्याला ०.९. तेवढ्यात गाणारी बाई धड एक शब्द पुरा करत नाही तोवर दुसरी सुरू होते, आणि हे वीस मिनिटं. भांडणात सुद्धा माणसं एकमेकांना ह्याहून जास्त बोलू देतात.

निपाणीहून आलेला मुलगाही तेच मागत होता. त्यांचा डॉल्बीचा धंदा, आज्जाच्या काळापासूनचा. तेव्हा भोंगे होते, आता ट्रक भरून बॉक्स आहेत. हायवेला लागून नवं दुकान होणार होतं. दर्शनी भिंतीवर एक मोठं चित्र आणि त्याच्याखाली खरोखर वाजणारी एक तबकडी, असं त्याच्या मनात होतं. गाडीच्या डिकीतून त्यानं दोन पत्र्याच्या ट्रंका उतरवल्या. मग मागचं दार उघडून आज्जांना उतरवलं. पांढरी टोपी, हातात काठी, आणि येताक्षणी माझ्या टेबलावरच्या प्लेअरकडं नजर.

"पिन कुठली वापरता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार नंतर.

सांगितलं, सिरॅमिकचं जुनं हेड आहे. महागडं मॅग्नेटिक हेड कापलेल्या तबकडीवर ठेवायचं धाडस मी करत नाही. ते दीड-दोन ग्रॅम वजनावर चालतं, सांध्यावर आपटलं की उडतं नाहीतर मोडतं. सिरॅमिक चार-पाच ग्रॅमनं दाबून बसतं, धक्के खातं. आज्जांनी मान हलवली. मी त्यांना अण्णा म्हणायला लागले ते तिथूनच.

माझी खोली उद्यमबागेत, एका मशीन शॉपच्या मागच्या बाजूला. आजूबाजूला लेथ, हायड्रॉलिक, फाउंड्री. मुलाला वाटलं, इथं लेझर कटिंग कोपऱ्या-कोपऱ्यावर आहे, दोन मिनिटांत कापून होईल. रेकॉर्डचं व्हिनाइल लेझरखाली घालायचं नसतं हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं. ते पीव्हीसी आहे, जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. माणसाची छाती धरते आणि मशीनच्या लोखंडाला गंज चढतो. जिगसॉ जोरात चालवली तरी चालत नाही, कडा वितळून करवतीला चिकटतात. मी सोनाराची बारीक करवत वापरते, हातानं, सावकाश. शेजारच्या टर्नरनं मला एक लोखंडी पाटा करून दिलाय. मध्ये ७.२ मिलिमीटरची खुंटी, कडेनं अंश कोरलेले. तबकडी त्यात बसवली की कोन चुकत नाही. त्या दिवशीही तो येऊन पाटा बघून गेला, "बरोबर ऐत्री" म्हणाला आणि अण्णांकडं बघत बघत दारातच रेंगाळला.

ट्रंका उघडल्या. वरच्या थरात मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्ड होत्या. त्या मी कापत नाही. त्यात लाख आणि दगडाची पूड, करवत लागली की सरळ तडा जातो. नखानं टिचकी मारली की टणक आवाज येतो, व्हिनाइलचा बद्द येतो, ओळखायला सोपं. दोन आधीच फुटलेल्या होत्या. त्यांचे तुकडे मी चित्रासाठी वेगळे काढले, तुटलेल्या कडेला राखाडी रंग दिसतो तो मला आवडतो. खाली लाँग प्ले आणि चार गाण्यांच्या छोट्या ईपी. कुमार गंधर्वांची एक निघाली ती मी न विचारता बाजूला ठेवली. त्यांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, त्यांची रेकॉर्ड कापली तर मला गल्लीत राहू देणार नाहीत.

बाकीच्यांत कापायच्या कुठल्या? माझी पद्धत अशी की आधी वाजवून बघायची, पिन सरकणाऱ्या आणि खरखरणाऱ्या बाजूला काढायच्या, त्यातल्याच कापायच्या. त्याला अर्धा दिवस जातो. मी पहिली तबकडी प्लेअरवर ठेवायला गेले तर अण्णांनी हात पुढं केला. घेतली, खिडकीकडं तिरकी धरली, डोळ्यांजवळ आणली.

"ही गेली. पांढुरकी झालीय बघा, पिनेनं खाल्लीय. कापा." दुसरी घेतली. "ही न्हाई. हिचं अजून आयुष्य हाय." तिसरी. "हितं काळी पट्टी दिसालीय काय? हितं बाई थांबतीय, नुसता तानपुरा. फुडं चमकालंय तितं ढोलकी."

मी वाजवून बघितली. बाई थांबली आणि तानपुरा. मग ढोलकी.

त्यात जादू काही नाही. आवाज मोठा असला की खाच जास्त हेलकावे घेते, उजेड विखुरतो आणि पट्टा पांढरट चमकतो. आवाज लहान असला की खाचा सरळ आणि दाट, म्हणून काळ्या दिसतात. हे मला पुस्तकी माहीत होतं. शांत आणि दणदणीत एवढा फरक मलाही दिसतो. पण ढोलकी कुठं लागते, बाई कुठं श्वास घेते, कोरस कुठं येतो, हे नुसत्या उजेडात वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. विचारलं, कुठं शिकलात?

"शिकतोय कशाला. लग्नात शिकलो."

वरातीत गाणं लावायचं, पण त्यातलं सासरी जाणाऱ्या मुलीचं कडवं नको. मुलीची आई रडायला लागली की वरात थांबते. मग ते कडवं वगळून पिन बरोबर पुढच्या कडव्यावर ठेवायची. तीही पेट्रोमॅक्सच्या उजेडात, सायकलवरून आणलेल्या बॅटरीवर, हजार माणसांपुढं. चुकली की भोंग्यातून 'खर्र' आणि सगळं गाव वळून बघणार. आज्जा सांगत होते आणि नातू असं ऐकत होता जणू हे त्याच्या घरातलं नव्हेच. १९८१च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात हायवेवर भोंगे त्यांचेच होते, तेही एका वाक्यात सांगून झालं आणि ते पुन्हा ट्रंकेकडं वळले.

नातवानं मध्येच विचारलं, "मॅडम, हे असलं आणि कोण करतंय काय?" प्रागच्या मिलान क्निझाकनं १९६०च्या दशकात रेकॉर्ड ओरखडून, फोडून, चिकटवून वाजवल्या, आणि १९८०पासून ख्रिश्चन मार्कलेनं कापलेले तुकडे कोड्यासारखे जुळवून तबकड्या केल्या, असं सांगितलं. मोबाईलवर चित्रं दाखवली. अण्णांनी चष्मा काढून बघितलं. "त्यांच्याकडं लई रेकॉर्ड आसतील," एवढंच म्हणाले.

आता कुठल्या दोन जोडायच्या. नातू अर्ध्या-अर्ध्यावर ठाम. अण्णांनी एक मराठी लावण्यांची काढली, पांढुरकी झालेली, आणि एक कन्नड वचनांची, म्हणजे शरण संतांच्या पदांची, तीही घासलेली. पण म्हणाले, हिच्यातली फोड एवढीच घ्या. आणि बोटांनी पोळीचा तुकडा दाखवावा तसं दाखवलं. मी पाट्यावर मोजलं, चाळीस अंशांच्या आसपास होतं. मग चाळीसच धरले. ३६०चा नववा भाग, म्हणजे फेऱ्यात ०.२ सेकंद.

"मग कन्नड एवढंच? लोक काय म्हणतील?" नातवाची भीती खोटी नव्हती. आमच्याकडं पाटीवर कुठली अक्षरं वर आणि केवढी, यावरून वाद होतात, आणि दुकान तर हायवेवर. अण्णा म्हणाले, "लग्नात कोण मोजत हुतं? सकाळी सनई, मग देवाचं, मग वऱ्हाड ज्या गावचं त्या भाषेतलं. जेवणावळीला काय बी." फोड वचनांतून घ्यायची ती कन्नड म्हणून नव्हे. तो पट्टा काळा आहे, शांत आहे. पिन सांध्यावरून उडी मारून शांत खाचेत पडली तर बसते, दणक्याच्या खाचेत पडली तर भिरकावली जाते. हे कारण त्यांनी सांगितलं आणि मी गप्प झाले, कारण सांधा कुठं घ्यायचा हे मी आजवर लेबलाच्या रंगांवरून ठरवत आले होते.

टर्नरनं मायक्रोमीटर आणला. दोन्हींची जाडी जवळपास सारखी निघाली, नाहीतर मागून टेप लावून सारखी करावी लागते. करवत स्वतःची रुंदी खाते, म्हणून फोड रेघेच्या बाहेरून कापली आणि मग कानशीनं घासत आणली. दुपारचं जेवण त्यातच राहिलं. नातवानं कॅम्पातून काहीतरी खायला आणलं.

चिकटवायच्या आधी मी नेहमी मागून टेप लावून वाजवून बघते. लावली. ढोलकी, ढोलकी, मध्ये कन्नड आवाजाचा एक निसटता तुकडा, परत ढोलकी. आणि दुसऱ्याच मिनिटाला पिन अडकली. तेच १.८ सेकंद परत परत.

असं का होतं ते सांगते. तबकडीवर एका मिलिमीटरात साधारण दहा खाचा असतात. फोडीवरच्या खाचा मूळ तबकडीच्या खाचांसमोर नेमक्या येत नाहीत. पिन सांध्यावर जवळच्या खाचेत जाते. दर फेऱ्याला ती एक खाच आत सरकायला हवी. पण दोन सांध्यांवर मिळून ती एक खाच बाहेर ढकलली गेली तर हिशेब शून्य, पिन तिथंच फिरते. फोड अर्ध्या खाचेइतकी हलवली तरी चित्र बदलतं. मी लेबलाच्या बाजूनं पतंगाच्या कागदाची एक पट्टी सारायला घेतली.

"थांबा," अण्णा म्हणाले. त्यांनी टेबलावर बोटं धरली होती. "लंगडतंय."

खरंच लंगडत होतं. ढोलकीची लय १.८ सेकंदांत पुरी बसत नव्हती, थोडी उरत होती, आणि त्या उरलेल्या जागेत त्या बाईचा आवाज येऊन पडत होता. अण्णा त्यावर बोटं वाजवत राहिले. टर्नर दारातून आत आला. नातवाला कळेना की हे बिघडलंय की जमलंय.

आयुष्यभर पिन अडकली की ह्या माणसाला मांडवातून धावत जावं लागलं. आता ते म्हणत होते, अडकू दे, पण हितं नको. तबकडी उचलून खिडकीशी नेली, बघितली, मधल्या गाण्याच्या एका चमकत्या पट्ट्यावर नख ठेवलं. "हितं अडकली तर बघा."

मग संध्याकाळपर्यंत तेच. कागदाची पट्टी आत-बाहेर. एका जागी अडकणं सुटलं की दुसरीकडं सुरू, कारण खाचांमधलं अंतर सगळीकडं सारखं नसतं. शेवटी अण्णांनी दाखवलेल्या पट्ट्यावर पिन येऊन फिरायला लागली. तिथं ढोलकीबरोबर टाळ्याही होत्या. मी मागून एक पारदर्शक ॲक्रिलिकची चकती लावली आणि पाइपला वापरतात ते पीव्हीसीचं सोल्युशन बारीक ब्रशनं सांध्यात सोडलं. फेविक्विकनं पांढरा डाग पडतो, तो नंतर निघत नाही.

नातवानं गाडीतला छोटा बॉक्स जोडला, आवाज वाढवला, आणि बासनं टेबल हादरून पिन उडाली. अण्णांनी सायकलची ट्यूब मागितली. टर्नरनं आपल्याच सायकलची काढून दिली. अर्धवट हवा भरून प्लेअरखाली ठेवली, मग पिन टिकली.

एका तबकडीतून फोड काढून दुसरीत बसवली की मागं दुसरी जोडी उरतेच, वचनांच्या रेकॉर्डला चाळीस अंशांचं भोक आणि लावणीची एक फोड. नातवाचे डोळे चमकले. दोन्ही शेजारी लावू, मग कोण काही म्हणणार नाही. मी तीही जोडली. ती कशी वाजते ते ऐकून अण्णांनी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन गाडीत बसले. ती दुकानासाठी नव्हती, असं त्यांनी नातवाला मराठीत सांगितलं. टर्नरला कन्नडमध्येही काहीतरी सांगितलं, त्यावर दोघंही हसले.

नातू गाडीला हात टेकून उभा राहिला. "मॅडम, मग भिंतीच्या चित्रात तरी ती अर्धी-अर्धी घालाच."

घातली. बाजूनं लाखेच्या तुकड्यांची किनार केली आणि अर्ध्या-अर्ध्याचा नेहमीचा दर लावला.