माणूस नेमका कुठे हरवतो?

व्यसनापायी किंवा यशाच्या मागे धावून माणूस बरबाद होतो अशा कथा-कादंबऱ्यांबद्दल बोलताना आपण शेवटाबद्दलच बोलतो. दारूने मेला, कर्जात बुडाला, एकटा पडला वगैरे. मला मात्र वाटतं, मोठा लेखक खरी गोष्ट खूप आधीच सांगून टाकतो, एखाद्या साध्याशा प्रसंगात, आणि आपण तो प्रसंग घाईत वाचून पुढे जातो.

दस्तयेवस्कीची 'द गॅम्बलर' घ्या. 1866 मध्ये प्रकाशकाच्या करारात अडकल्यामुळे त्याने ही कादंबरी 26 दिवसांत एका स्टेनोग्राफरला सांगून लिहून घेतली, तीच पुढे त्याची बायको झाली, आणि रुलेटच्या जुगाराचा नाद त्याला स्वतःलाच होता त्यामुळे यातलं काही ऐकीव नाहीये. कादंबरीचा नायक अलेक्सी, त्याचं पोलिनावर इतकं प्रेम की तू म्हणशील तर डोंगरावरून उडी टाकतो म्हणणारा. तिला अपमानातून सोडवायला पैसे हवेत म्हणून तो कॅसिनोत धावतो, जवळपास 2 लाख फ्रँक जिंकून रूमवर येतो. ती तिथेच बसलेली असते. आणि हा काय करतो, तर नोटांचे गठ्ठे नीट लावत बसतो, सोन्याची नाणी वेगळी काढतो, ती समोर आहे हेही मधेमधे विसरतो! ती बघत असते. मला हे पान वाचताना दरवेळी कसंतरी होतं, कारण तो अजून हरलेलाच नाहीये, उलट जिंकलाय, आणि ज्या माणसासाठी जिंकला ते माणूसच त्याच्या डोक्यातून गेलंय.

टॉल्स्टॉयची 1886 ची जमिनीच्या हव्यासाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते. दिवसभरात जेवढ्या जमिनीला फेरी मारशील तेवढी तुझी, म्हणून पाहोम हा शेतकरी धावधाव धावतो, मरतो, शेवटी पुरण्यापुरती जमीन मिळते. पण सुरुवातीला शेजारच्या इस्टेटीचा कारभारी त्याची गुरं आत शिरली म्हणून त्यालाच सारखा दंड लावत असतो, तो वैतागलेला असतो, पुढे स्वतःची जमीन होते, आता शेजाऱ्यांची गुरं याच्या कुरणात येतात, थोडे दिवस सोडून देतो आणि मग तोच त्यांना कोर्टात खेचून दंड करवतो. झाडं तोडली म्हणून एकावर पुरावा नसताना केस घालतो. माझ्या मते पाहोम तिथेच संपला, नंतरचं ते धावणं निव्वळ बाकी होतं.

आपल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तही (नाटक आहे, पण इथे आलंच पाहिजे) सगळा दोष दारूवर टाकणं मला पटत नाही. सुधाकर हुशार वकील, प्रचंड मानी, कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळ जाते आणि ते त्याला सहनच होत नाही, तळीराम प्याला पुढे करतो तो त्यानंतर. दळण दळून घर चालवणारी त्याची बायको सिंधू डोळ्यांसमोर असते, तरी त्याला स्वतःची जखमच मोठी वाटते.

आणि व्यसनी माणसाची वाचक कीव तरी करतो. अलेक्सीला शेवटी त्याचा ओळखीचा इंग्रज मिस्टर ॲस्टली तोंडावर सांगतो की तू स्वतःचा नाश केलास, हातात थोडेच पैसे ठेवतो कारण जास्त दिले तर हा उडवणार हे त्याला पक्कं माहीत असतं. पाहोमला असं कोण सांगणार? त्याची तर जमीन वाढत होती, गुरं वाढत होती, भरभराट चालली होती.