गोव्यातल्या साखळीत बसून यूएक्स

क्लासची फी लाखात ऐकली आणि मी यूएक्सचा, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं कसं करायचं ते शिकण्याचा, नाद जवळपास सोडलाच होता, मग एका मैत्रिणीने इंटरॅक्शन डिझाइन फाउंडेशनचं नाव सांगितलं. डेन्मार्कमध्ये २००२ला सुरू झालेली ना-नफा संस्था, वर्षाची मेंबरशिप एकदा भरायची आणि मग हवे तेवढे कोर्स करायचे. डॉन नॉर्मनसुद्धा शिकवतात तिथे, तेच ते, नव्वदच्या दशकात ॲपलमध्ये असताना 'युजर एक्सपिरियन्स' हा शब्द ज्यांनी रुळवला. आता पावसात इथलं नेट गेलं की डॉनकाका तोंड उघडं ठेवून अडकतात, त्याला कोण काय करणार!

पहिला प्रयोग काकीवर. ती गणपतीच्या चवथीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ऑर्डरी घेते, तर तिच्यासाठी ॲपचे स्क्रीन वहीच्या कागदावर पेन्सिलने काढले आणि म्हटलं, आता कर ऑर्डर. बोट थेट कोपऱ्यातल्या कार्टच्या चित्रावर थांबलं, "ही हातगाडी कसली गो?" मला वाटलं तिलाच कळत नाही, पण यूएक्सचे तज्ज्ञ जेकब नील्सन म्हणतात तसं पाच जणांना दाखवलं आणि त्यातले तिघे तिथेच अडकले, एक तर कॉलेजात जाणारा! मग चित्र खोडलं आणि 'किती डझन?' असं सरळ लिहिलं. काकी अजून म्हणते, फोन केला तर काय बिघडतं.