बोएचा तक्ता: पूर्णांक का येईना

नाउरू या पॅसिफिकमधल्या बेटराष्ट्रातील बोए मतदारसंघाच्या निवडणूक निकालांचा मी तक्ता करतो आहे; त्यातली सर्वांत चिवट गाठ अखेर सुटली, आणि सुटताना तिने माझे पुढचे बेतही बदलले. ज्या निकालांसोबत वैध मतपत्रिकांचा आकडा हाती नाही, तेथे तो उमेदवारांच्या गुणांवरूनच काढायचा, असे मी ठरवले होते. नाउरूच्या डाउडल पद्धतीत पहिल्या पसंतीला 1, दुसरीला 1/2, तिसरीला 1/3 असे गुण मिळतात आणि प्रत्येक उमेदवाराला क्रमांक द्यावाच लागतो. त्यामुळे सहा उमेदवार असल्यास प्रत्येक मतपत्रिकेतून नेमके 2.45 गुण वाटले जातात. एकूण गुणांना 2.45 ने भागले की पूर्णांक यायला हवा.

एका जुन्या मोजणीत तो काही केल्या येईना. आधी संशय स्कॅनवर गेला, कारण अक्षरओळखीची फुकट साधने पुसट छपाईत 3 आणि 8 यांची सर्रास अदलाबदल करतात; आकडे हाताने भरणे कंटाळवाणे असले तरी माझा भरवसा आता त्यावरच आहे. आकडे पुन्हा भरले, तरी अपूर्णांक तसाच राहिला. मग 1/3 ऐवजी 0.333 आणि 1/6 ऐवजी 0.166 घेऊन पाहिले. असे धरल्यास मतपत्रिकेमागे 2.449 गुण होतात. 700 मतपत्रिकांचे 1715 ऐवजी 1714.3 भरतात आणि 2.45 ने भागल्यावर 699.714 येतात. मतपत्रिका गहाळ झालेली नसते, दशांश छाटलेला असतो.

खरी गंमत पुढेच आहे. 1/6 साठी 0.167 घेतले, तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज पुन्हा चोख 2.45 येते. म्हणजे सहा उमेदवारांच्या लढतीत ही पडताळणी आंधळी ठरते. सात उमेदवार असले, की 1/7 साठी घेतलेल्या 0.143 मुळे फरक लगेच उघडा पडतो. म्हणून यापुढे प्रत्येक निकाल तिन्ही प्रकारच्या गुणांनी (नेमके अपूर्णांक, छाटलेले दशांश आणि जवळच्या अंकाला नेलेले दशांश) तपासणार आहे. 1971 पूर्वीची पद्धत निराळी असल्याने 1968 ची निवडणूक वेगळ्या पानावर राहील.

यानंतर 2013 मध्ये संसदेत तिसरी जागा मिळालेल्या मेनेंग मतदारसंघाकडे वळायचे होते, पण आता बोए सोडवत नाही. जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याने हॅमर डीरॉबर्ट, किन्झा क्लोडुमार आणि बॅरन वाका असे तीन राष्ट्राध्यक्ष दिले. 2010 च्या संसदीय कोंडीत तर त्याचे दोन सदस्य, वाका आणि मॅथ्यू बात्सिउआ, परस्परविरोधी बाजूंना होते. वाका 2019 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी असतानाच जागा हरले. ती घसरण पहिल्या पसंतीची होती की मधल्या क्रमांकांची, हे केवळ एकूण गुणांवरून कळत नाही. तरी उमेदवाराचे मतपत्रिकेमागचे गुण काढून त्यांना त्या लढतीच्या सरासरीने (सहा उमेदवारांसाठी सुमारे 0.408) भागले, तर वेगवेगळ्या वर्षांची तुलना निदान शक्य होते. तो स्तंभ आजच जोडला असून 2016 आणि 2019 पासून सुरुवात करतो आहे, मेनेंग नंतर.