दूरची प्रत आणि तळघरातला सर्व्हर

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या कार्यालयाचा सर्व्हर अंधेरीतल्या इमारतीच्या तळघरात होता आणि बॅकअपच्या टेप त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तर टेपच्या डब्यांतून गाळ निघाला.

त्यानंतर डेटाची दुसरी प्रत नवी मुंबईत ठेवावी असे ठरत होते. परंतु जो पाऊस अंधेरी बुडवतो तो खाडी ओलांडायला थांबत नाही, म्हणून आम्ही चेन्नई निवडली. (तिथेही पूर येतो, पण सहसा आपल्या पावसाळ्यात नव्हे.) अंतराची किंमत मात्र मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाशाला हजार किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे प्रत्येक नोंदीसाठी पलीकडची पोच मिळेपर्यंत थांबणारे सिंक्रोनस रेप्लिकेशन (रेप्लिकेशन म्हणजे इथला प्रत्येक बदल आपोआप दूरच्या प्रतीतही करणे) तिथे आमच्या हिशेबप्रणालीला परवडले नाही. असिंक्रोनस पद्धतीत, म्हणजे पोचेची वाट न पाहता, काम अडत नाही, पण संकटाच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी गमावण्याची तयारी ठेवावी लागते. किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तरी चालतील, हे संगणक विभागाने नव्हे, व्यवसाय पाहणाऱ्यांनी ठरवावे, असे माझे मत आहे.

एकदा आमच्याच सहकाऱ्याने चुकून ग्राहकांची संपूर्ण यादी पुसली आणि रेप्लिकेशनने ती चेन्नईतही तत्परतेने पुसली. ती परत मिळाली आदल्या रात्रीच्या टेपवरून.